आधी माल, मग ताडपत्री

हूडवाल्याच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "रंग कुठला टाकू, शेठ?" दुसरा, "किती जीएसएमची?" हौद्यात माल कुठला भरता, हे मात्र मला आजवर एकाही दुकानात कुणी विचारलेलं नाही.

आमची पिकअप ओतूर-नारायणगाव पट्ट्यात चालते. टोमॅटो, कांदा, अधूनमधून कोथिंबीर, आणि माळशेज उतरून कल्याण नाहीतर वाशी. टोमॅटो कॅरेटमध्ये जातो. त्याला वरून पाणी आणि ऊन लागलं नाही की झालं. कांद्याचं तसं नाही, कांदा वाटेतही श्वास घेत असतो. जाळीच्या गोण्यांना प्लास्टिक घट्ट चिकटवून बांधलं तर आत वाफ धरते आणि पावसाचा थेंब न शिरताही माल ओला उतरतो. अडत्या गोणीत हात घालतो, बोटं चोळतो आणि भाव पाडतो. कारण विचारायच्या फंदात तो पडत नाही. कांदा नेणाऱ्याने कॅनव्हासचा विचार करावा. तो जड असतो, भिजला की आणखी जड होतो, पण हवा खेळू देतो. प्लास्टिकच वापरायचं असेल तर माल आणि ताडपत्री यांच्यात वीतभर मोकळी जागा हवी.

ती जागा मिळते कमानींमुळे. आमच्या मिस्त्रीने पहिल्या वेळी हौद्याच्या पत्र्याला सरळ ड्रिल मारून पाइप बसवले. दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक भोकाभोवती रंग फुगला आणि खालून गंज निघाला. तेव्हा भोक पाडू न देता क्लॅम्पने पकडणारी कमान मागा. भोक पाडणं टळतच नसेल तर आतून प्रायमर, वर रबरी वायसर, मग बोल्ट. मधली कमान दोन्ही टोकांच्या कमानींपेक्षा थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. सपाट ताडपत्रीत एक चौरस मीटरच्या खळग्यात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ५० किलो भरतं, आणि प्रत्येक खड्ड्यात ते वजन हिंदकळत राहतं. पाइपांचं वजनही भारातच धरायचं, हे वजनकाट्यावर आठवून उपयोग नाही.

आता वारा. माझ्या मते सगळी ताडपत्रीविद्या इथेच आहे. जाड कापड घेतलं म्हणजे टिकेल, ही समजूत काढून टाका. ताडपत्री फाटते ती फडफडीने. सैल कापड पाइपवर तासन् तास आपटतं, एका जागी झिजतं आणि तिथून चिरत जातं. गाडीचा वेग ४० वरून ८० वर गेला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. घाटात तर तो खालूनही येतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा उलटा वर उडताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच रांगेतल्या माळशेजात आमच्या गाडीची पुढची कड सुटली. दुकानदाराने आयलेट तीन-तीन फुटांवर मारली होती आणि कडेत दोर शिवलेला नव्हता. एक आयलेट उपटलं, त्याचा ताण शेजारच्यावर गेला, मग ओळीने सगळी गेली. गाडीवर मेव्हणा होता. भर पावसात दरडीपासून दूर गाडी लावायला जागा शोधेपर्यंत वरचे दोन थर भिजून गेले.

म्हणून आयलेट पितळी घ्या, दीड फुटाच्या आतल्या अंतरावर, आणि कडेच्या दुमडीत दोर घालून शिवून घ्या. केबिनच्या बाजूची कड आधी ताणून पक्की बांधायची, मग बाजू, शेवटी मागचं. दोन तुकडे जोडायचे असतील तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर यावा, कौलं चढवतात तसा. उलटं केलंत की वारा थेट सांध्यात शिरतो. कमानीच्या कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. बाजूंनाही ट्यूबच्याच पट्ट्या दोरापेक्षा बऱ्या, कारण माल बसला की त्या आपणहून ताण घेतात. खरी नायलॉनची दोरी भिजली की लांबते. ओतूरला आवळलेली गाठ घाट उतरेपर्यंत सैल पडते. मुरबाडच्या अलीकडे एकदा थांबून सगळीकडे हात फिरवाच. चहा तसाही घ्यायचाच असतो.

ताडपत्रीने माल बांधला जातो, असं समजू नका. कॅरेटना वेगळा दोर हवाच. ताडपत्री ही टोपी आहे, पट्टा नव्हे, हे हमालांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

मागची झापड उघडी ठेवून हवा खेळवायचा मोह होतो. पण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ, चिखलाचे शिंतोडे, धूर मागूनच आत ओढले जातात. कोथिंबिरीची वरची जुडी पाहिली की कळतं. हवा हवी असेल तर बाजूंची खालची कड फाळक्यापासून थोडी उचलून ठेवा. झापड मात्र बंद करा आणि नंबर प्लेट, मागचे दिवे झाकले जाणार नाहीत इतकीच आखूड शिवून घ्या.

काढता-घालता येणारी ताडपत्री वेगळी आणि पत्रा ठोकून केलेली बंद बॉडी वेगळी. आरसीवर उघडा हौदा असताना कायमचा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतात. मिस्त्री म्हणेल, "काय होत नाय, दादा." पावती त्याच्या नावाने फाटत नाही.

आणि घरी आल्यावर ओली ताडपत्री गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. कॅनव्हासला बुरशी धरते. कोरडी झाली की पसरट घडी घाला आणि जमिनीवर न ठेवता पडवीच्या आढ्याला टांगा. धान्याच्या खोलीत तर नकोच. उंदीर नेमका घडीवर दात मारतात आणि उलगडली की एका ओळीत आठ भोकं निघतात. पीव्हीसीच्या कापडाला भोक पडलं तर गरम हवेने ठिगळ चिकटवून मिळतं. सुईने शिवलंत तर टाक्याटाक्यातून पाणी गळणार.