वाचकांचे प्रश्न : कुटुंबासाठी मोटार घेताना

प्रश्न : मी कराडच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक असून पत्नी सहकारी बँकेत नोकरीस आहे. दोघांचे मिळून दरमहा ९०,००० रुपये हाती येतात. त्यातून घराच्या कर्जाचा २२,००० रुपयांचा हप्ता जातो. शिल्लक ४ लाखांची आहे. घरात आई-वडील आणि ११ व ६ वर्षांची दोन मुले धरून सहा माणसे. शाळेत मी दुचाकीनेच जातो. गाडी लागेल ती आईच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी कोल्हापूरला जाण्यास, महिन्यातून एक-दोनदा पाटणकडील आमच्या गावी, आणि वर्षातून दोन-तीन वेळा सर्वांनी मिळून कोकणात किंवा पंढरपूरला. सगळे मिळून महिन्याला ५०० किलोमीटर होतील. भाचा दिल्लीहून सहा वर्षे वापरलेली सात आसनी डिझेल गाडी ६ लाखांत आणून देतो म्हणतो, आणि तेथील एजंटाच्या मते दिल्लीचा नंबर बदलण्याची गरज नाही. दुसरा पर्याय १२ लाखांच्या नव्या सात आसनी पेट्रोल गाडीचा, तिसरा साडेसहा लाखांच्या नव्या लहान गाडीचा. गाडी वडिलांच्या नावावर घ्यावी असे घरात मत आहे. कर्ज सात वर्षांचे घेतले तर हप्ता हलका पडेल. काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या पत्रात महिन्याला ५०० किलोमीटर हा जो आकडा जाता जाता आला आहे, त्याच्यापासूनच मी आरंभ करतो, कारण कोणती गाडी, कोणते इंधन आणि किती कर्ज या तिन्ही प्रश्नांचा निकाल बव्हंशी त्या एका आकड्यात आहे, आणि गाडी घेणारी बहुतेक कुटुंबे तो आकडा मांडण्यापूर्वीच रंग आणि आकार ठरवून मोकळी होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्षाचे ६,००० किलोमीटर झाले. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९० रुपये लिटर धरू. लहान पेट्रोल गाडीने लिटरला १८ किलोमीटरचे ॲव्हरेज दिले, तर वर्षाला सुमारे ३३३ लिटर, म्हणजे ३३,३०० रुपये लागतील. भाच्याने सुचवलेली मोठी डिझेल गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली, तर ४०० लिटरांचे ३६,००० रुपये होतील. डिझेल स्वस्त पडते ही समजूत ज्याची गाडी रोज शंभर किलोमीटर धावते त्याच्या बाबतीत खरी ठरू शकते. आपल्या वापरात तिला कसलाही आधार उरत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर सर्रास बसू लागला; तो जाळून साफ होण्यास सलग, भरधाव प्रवास लागतो, आणि गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तुंबून दुरुस्तीचा मोठा खर्च उभा राहतो. सीएनजीच्या वा विजेवरच्या गाडीसाठी आरंभी जी जादा रक्कम मोजावी लागते, तीही इतक्या थोड्या वापरात लवकर वसूल होत नाही. आपल्यासाठी साधे पेट्रोलच योग्य.

दिल्लीच्या गाडीबद्दल कायदा काय म्हणतो, ते आपण नीट ध्यानी घ्यावे, कारण एजंटाचे म्हणणे स्पष्टपणे चुकीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४० अन्वये गाडीची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा गाडी जेथे सामान्यतः ठेवली जाते, त्या राज्यातील नोंदणी अधिकाऱ्याकडे करावयाची असते. आणि एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिली, तर कलम ४७ प्रमाणे तिला तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, तिच्यावर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार घटवलेल्या किमतीवर नव्याने भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो हे खरे, पण त्यासाठी तेथील दप्तराशी पत्रव्यवहार करण्याची चिकाटी हवी. ६ लाखांच्या त्या गाडीवर हे सारे चढवले म्हणजे तिचा स्वस्तपणा बराचसा विरघळतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ मधील आदेशाने निर्बंध आले, म्हणून तेथील मालक त्या मुदतीपूर्वीच गाड्या विकावयास काढतात. भाव उतरण्याचे कारण हे आहे, आणि उतरलेला भाव पाहून गाडीची प्रकृती उत्तम असेल असे अनुमान कोणी काढू नये.

आणखी एक गोष्ट आपणांस कृष्णाकाठी राहणाऱ्या गृहस्थाला वेगळी सांगावी लागू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि जुलै २०२३ मध्ये यमुनेच्या पुराने दिल्लीतही तेच झाले. असली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते तेव्हा वरून काहीच दिसत नाही. जुनी गाडी कोठलीही असो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे, आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज पाहावा, गालिचा उचलून वास घ्यावा, आणि विम्याचे जुने दावे कागदोपत्री मागावेत. नव्या गाडीलाही पुराचा धोका आहेच. पाण्यात उभी असलेली गाडी सुरू केल्याने इंजिनात पाणी शिरून जी हानी होते, ती नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, म्हणून इंजिन-संरक्षणाचे जादा कलम आपल्या गावी तरी अवश्य घ्यावे, आणि गाडी पाण्यात सापडलीच तर किल्ली न फिरवता ती ओढून न्यावी.

आता १२ लाखांच्या सात आसनी गाडीकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटर लांबी व पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत १,२०० सीसी या दोन्ही मर्यादांच्या आतील गाड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि इंधनावर चालणाऱ्या त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. मोठी गाडी घेणारा गृहस्थ हा भेद किमतीतच भरतो. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के. म्हणजे साडेसहा लाखांच्या गाडीवर ७१,५०० आणि १२ लाखांच्या गाडीवर १,४४,००० रुपये. नुसती किंमत आणि कर यांतला फरकच ६,२२,५०० रुपयांचा झाला, विमा व टायर अलाहिदा. (१० लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर जागीच कापून घेतो, तो मात्र आपल्या आयकरात वळता होतो.) या सर्व रकमेच्या मोबदल्यात आपणांस मिळते काय, तर वर्षातून दोन-तीन वेळा सहाजणांनी एकत्र बसण्याची सोय. त्या तीन फेऱ्यांसाठी चालकासह सात आसनी गाडी भाड्याने घेतली आणि एका फेरीला समजा १०,००० रुपये पडले, तरी दहा वर्षांत ३ लाख होतात; शिवाय आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना आपण चालकाच्या चिंतेत न राहता मुलांबरोबर बसाल. सहाजणांना पाच आसनी गाडीत दाटीवाटीने बसवण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते, विमा तिच्याच आधारे दिलेला असतो, आणि कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. मांडीवर बसवलेल्या मुलाला धडकेच्या क्षणी कोणाचेही हात धरून ठेवू शकत नाहीत. दंडाचा विचार त्यानंतरचा.

४ मीटरच्या आत बसणारी सात आसनी गाडीही बाजारात आहे, रेनोची ट्रायबर. ९९९ सीसीचे इंजिन असल्याने ती १८ टक्क्यांत येते. दर आठवड्याला सहाजण निघणार असतील तर मी तिचेच नाव पुढे केले असते. पण सातही आसने उभी असताना तिच्या डिकीत अवघी ८४ लिटर जागा उरते, तेव्हा सहाजणांचे चार दिवसांचे सामान टपावर जाणार. आणि लहान इंजिनाची भरलेली गाडी घाटात जड चालते. तिसऱ्या रांगेत प्रौढ माणसाने किती वेळ बसावयाचे, हे तेथे स्वतः बसून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

म्हणून माझा कौल लहान गाडीला आहे. ती निवडताना आईंना शोरूममध्ये बरोबर न्यावे, ही माझी आग्रहाची विनंती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसलेल्या आसनात उतरणे आणि त्यातून उठणे ही प्रत्येक वेळी शिक्षा असते. ज्या गाडीचे आसन साधारण खुर्चीच्या उंचीवर आहे आणि दार रुंद उघडते, अशी वॅगन आरच्या धर्तीची उंच गाडी त्यांना सुखाची होईल. त्यांना चारदा बसवून-उतरवून पाहा, आणि त्यांना जी रुचेल ती घ्या. लिटरमागे दोन किलोमीटर कमी-अधिक झाल्याने आपल्या वापरात वर्षाला तीन-चार हजारांचाच फरक पडतो. भारत एनकॅप ही अपघात-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. ज्या मॉडेलची चाचणी झाली आहे त्याचे तारे विचारून घ्यावेत.

कर, विमा व नोंदणी धरून ही गाडी सुमारे साडेसात लाखांना पडेल. शिल्लकेतून अडीच लाख भरावे, दीड लाख आजारपणाची बेगमी म्हणून ठेवावे, आणि ५ लाख कर्ज काढावे. व्याज ९ टक्के धरल्यास पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज १,२३,००० च्या घरात. सात वर्षांच्या मुदतीत हप्ता ८,०४५ रुपये, पण व्याज पावणेदोन लाखांवर जाते, आणि पाच वर्षे संपून एका तऱ्हेत कर्ज फिटलेले असताना दुसऱ्या तऱ्हेत १,७६,००० रुपये मुद्दल अद्याप डोक्यावर असते. आपल्या मिळकतीला घराचा व गाडीचा मिळून साडेबत्तीस हजारांचा हप्ता पेलण्यासारखा आहे. तेव्हा पाच वर्षेच घ्यावीत. मोटारीची कर्जे बहुधा स्थिर व्याजदराची असतात. मुदतपूर्व फेडीस काय आकार पडेल, ते सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. विक्रेत्याने सांगितलेला विमा त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचे दोन दर काढून पाहावेत.

वडिलांच्या नावाविषयी त्यांचा मान राखून सांगतो, की गाडी जो चालवणार त्याच्या नावावर असावी. मालक-चालकासाठी १५ लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते मालकाजवळ वैध परवाना असेल तरच लागू होते. परवाना नसलेल्या वडिलांच्या नावावर गाडी ठेवल्यास ते त्यांना मिळत नाही आणि आपणांसही मालक म्हणून मिळत नाही. नोंदणीच्या वेळी नामनिर्देशनाची सोय आहे, तेथे पत्नीचे नाव द्यावे. वडिलांची इच्छा पूजेच्या वेळी पहिला नारळ त्यांच्या हस्ते फोडून पुरी करता येईल.

प्रश्न : जुनी गाडी परत देऊन नवी घेतली. जुन्या गाडीची आरसी अद्याप माझ्याच नावावर दिसते आणि दोन दंडाच्या पावत्या मोबाईलवर आल्या. विक्रेता ‘होऊन जाईल’ म्हणतो.
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात असे ठरवले आहे, की नोंदणी-दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी मध्यंतरी कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर येते. दंडाच्या पावत्या ही त्याची सौम्य खूण समजा. विक्रेता अधिकृत वाहन-विक्रेता म्हणून नोंदलेला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये आरटीओच्या पोर्टलवर द्यावयाची असते, आणि ती दिल्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ती दिली गेली आहे काय, याची खातरजमा आजच करा. दिली नसेल, तर गाडी सोपवल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा व विक्रेत्याची सही असलेला कागद जोडून नोंदणी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोहोच घ्या. विक्रेत्यालाही मुदत घालून नोटीस पाठवा.

आपल्या जुन्या पॉलिसीवर दावा न केल्याबद्दल साचलेली सवलत मात्र गाडीबरोबर जात नाही, ती आपली असते. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या हानीच्या हप्त्यात ती ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. जुन्या विमा कंपनीकडून तसा दाखला मागून घ्या व नव्या गाडीच्या विम्याला जोडा. हा दाखला तीन वर्षे चालतो, आणि नवा विमा आधीच उतरवला असल्यास पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तो पुढे करा.