पुढचे पुस्तक कोणते?

आमच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत जुनी, कौलारू. पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी गळते, म्हणून तेथील कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेले असते. या वाचनालयाच्या मागच्या पडवीत दर रविवारी सकाळी नऊ वाजता मुलांचे वाचकमंडळ भरते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर या मंडळाची देखरेख माझ्याकडे आली. मंडळाची रीत साधी आहे. सर्वांनी मिळून एक नामांकित मराठी पुस्तक निवडावयाचे, दोन-तीन महिने तेच वाचावयाचे. काही भाग घरी, काही भाग मंडळात मोठ्याने. आणि वाचताना जे मनात येईल ते एकमेकांस सांगावयाचे.

मुलांनो, एकट्याने वाचावयाचे पुस्तक निवडणे सोपे असते. नाही आवडले, तर मिटून ठेवले. कोणाचे काही बिघडत नाही. परंतु एकट्यापुरता भात टाकणे वेगळे आणि पंगतीचा स्वयंपाक करणे वेगळे. पंगतीत कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला गोड आवडत नाही, आणि उपाशी मात्र कोणी उठता कामा नये. हे मला ठाऊक असावयास हवे होते. तरीही पहिले पुस्तक निवडताना मी चुकलो.

मी कोणासही न विचारता हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ठरवून टाकली. पुस्तक थोर आहे यात शंका नाही. बालपणी लग्न झालेल्या आणि पुढे विधवा झालेल्या यमूने आपली हकीकत स्वतः सांगितली आहे, आणि ती वाचून त्या काळचे वाचक हळहळले होते. परंतु पुस्तक जाडजूड. त्यात मी दर आठवड्यास चाळीस पाने वाचून आणण्याचा नियम घातला! पंधरा मुले येत होती, त्यांची सहा झाली. ‘‘पुस्तक कंटाळवाणे आहे,’’ असे एकही मूल म्हणाले नाही. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची परीक्षा आली, कोणाचा पाय मुरगळला. मास्तरांना मुले असेच सांगतात.

नंतर एके दिवशी मला आठवले की, ही कादंबरी मुळात एका दमात वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून ती थोडी थोडी प्रसिद्ध होत गेली. यमूचे पुढे काय झाले, यासाठी लोक पुढच्या अंकाची वाट पाहत. आम्ही वाट पाहण्याची ती गोडी काढून टाकली आणि नुसते ओझे ठेवले. दोष पुस्तकाचा नव्हता.

इकडे वाचनालयाच्या मंडळींनी मला सौम्य शब्दांत सांगितले की, सहाच मुले येणार असतील तर एकाच पुस्तकाच्या जादा प्रती घेण्यास यापुढे पैसे देता येणार नाहीत. त्यांचेही बरोबरच होते. म्हणजे पुढचे पुस्तक चुकले, की मंडळ संपले. मी न येणाऱ्या मुलांच्या घरोघर गेलो आणि म्हणालो, ‘‘या वेळी पुस्तक तुम्ही निवडा. निवडीच्या दिवशी तेवढे या.’’ त्या रविवारी तेरा मुले आली.

मुलांनी सात पुस्तकांची नावे सुचविली. काही सुरुवातीसच गळाली, कारण त्यांची वाचनालयात एकेकच प्रत होती. तेरा जणांनी एका प्रतीवर कसे वाचावे? ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु पुष्कळ वाचकमंडळे एवढ्यावरच अडतात. ‘श्यामची आई’च्या प्रती भरपूर होत्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात असताना १९३३ साली ते लिहावयास घेतले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी घरांतून ते वाचले जात आहे, आणि नेमकी तीच अडचण झाली. निम्म्या मुलांनी ते वाचलेले होते. काहींनी आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपटही पाहिला होता. ज्याला पुढचे ठाऊक आहे तो घाई करतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो खट्टू होतो. जड मनाने आम्ही ते बाजूस ठेवले.

शेवटी दोन पुस्तके उरली. एका उंच, शिडशिडीत मुलाचा हट्ट ‘माझा प्रवास’ या पुस्तकासाठी होता. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या घरी कर्ज झाले होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते आपल्या चुलत्यांबरोबर १८५७ साली निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांनी ही हकीकत मोडी लिपीत लिहून काढली, आणि ती चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केली.

एक चष्मा लावणारी मुलगी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची बाजू सोडीना. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली तीच मुळी लग्नानंतर. त्यांचे पती नारायण वामन टिळक हे कवी होते. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगले. पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही तोच मार्ग धरला. एवढे सोसूनही ही बाई स्वतःवर आणि इतरांवर हसत हसत लिहिते. त्यांच्या आठवणींचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले.

आता मते घ्यावी, असे सर्वांस वाटले. परंतु सात विरुद्ध सहा अशी मते पडली तर ते सहा जण पुढे तोंड फिरवून बसतील, ही मला भीती होती. म्हणून मी एक अट घातली. पुढच्या रविवारी प्रत्येकाने दुसऱ्याच्या पुस्तकाची बाजू मांडावयाची. उंच मुलाने ‘स्मृतिचित्रे’ची आणि चष्मेवालीने ‘माझा प्रवास’ची. दोघांनीही नाक मुरडले. परंतु बाजू मांडावयाची म्हणजे पुस्तक उघडणे आले.

प्रथम ती मुलगी बोलली. ‘‘झाशीत हे गृहस्थ स्वतः होते, पण ते लढवय्ये नव्हते. ते घाबरले होते, लपले होते, लुटले गेले होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात घाबरलेला माणूस कोठे असतो?’’

मग तो मुलगा उभा राहिला. ‘‘मला वाटले होते या पुस्तकात लढाई नाही. पण यातही १८५७ साल आहे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली होती. गोडसे भटजी बंडात जाऊन परत आले. येथे बंडच घरात आले. आणि एक सांगतो. लढाई वाचताना मी गप्प बसतो. हे वाचताना मला सारखे उठून कोणाला तरी सांगावेसे वाटत होते. मी आईला दोन वेळा हाक मारली.’’

या शेवटच्या वाक्याने माझे कान टवकारले. पुस्तकाची कीर्ती, त्याचे वय, त्याची पाने हे सारे मी मोजले होते. परंतु वाचणारा ते मिटून हाक कोणाला मारतो, हे मोजावयाचे राहूनच गेले होते.

त्यानंतर दोन्ही पुस्तकांची सुरुवातीची पाने मोठ्याने वाचावयाची ठरली. प्रत्येकाने अर्धे पान. आमच्यात सहावीतली एक मुलगी आहे. तिच्या घरी कानडी बोलतात. मराठी ती शाळेत शिकली आणि अडखळत वाचते. मोठ्याने वाचावयाची पाळी आली की खाली मान घालून पुस्तक शेजारणीकडे सरकविते. हरिभाऊंच्या पुस्तकावेळी गळालेल्यांत तीही होती. तिच्या वाट्यास ‘स्मृतिचित्रे’चे पान आले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. बाजारातून आलेल्या जिन्नसांनाही त्यांच्या घरी धुण्यातून सुटका नसे, अशी ती हकीकत. शेजारणीने पुस्तक परत ढकलले. नाइलाजाने ती वाचू लागली. वाक्ये आखूड, शब्द बोलण्यातले. चार ओळी झाल्या, आणि वाचता वाचता तिला हसू फुटले. मुलेही हसली, परंतु ती तिला हसत नव्हती, हे तिच्या ध्यानात आले असावे. तिने अर्ध्या पानाऐवजी पुरे पान वाचले. कोणीही तिला थांबविले नाही.

मते पडली तेव्हा ‘स्मृतिचित्रे’स आठ आणि ‘माझा प्रवास’ला पाच मिळाली. गंमत अशी की, ज्याच्या भाषणाने हे घडले त्या उंच मुलाने स्वतः मत दिले ते ‘माझा प्रवास’लाच! ‘‘बाजू मांडली ती खरीच मांडली, पण मला झाशीलाच जावयाचे आहे,’’ असे तो म्हणाला. आम्ही त्याचे ऐकले. दर चौथ्या रविवारी त्याने गोडसे भटजींच्या प्रवासातील एक प्रसंग सर्वांस वाचून दाखवावा, असे ठरले. ‘स्मृतिचित्रे’चाही पहिला भागच तूर्त घेतला आणि पानांचा नियम मी घातला नाही, किती वाचून यावे, ते मुलांनीच ठरविले.

प्रती चारच होत्या. घरे जवळ असतील त्यांनी एक प्रत वाटून घ्यावी, अशी व्यवस्था केली. त्यामुळे तो उंच मुलगा आणि सहावीतली मुलगी एका प्रतीचे भागीदार झाले. पुस्तक चार दिवस याच्याकडे, तीन दिवस तिच्याकडे.

पुढच्या रविवारी त्यांची प्रत परत आली तेव्हा खुणेचे मोरपीस ठरलेल्या पानाच्या बरेच पुढे होते. मी मुलाकडे पाहिले. त्याने मान हलविली. मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘गुरुजी, आई भाकरी थापताना ऐकत बसते. मध्येच अर्थ विचारते, तो मी कानडीत सांगते. थांबले की म्हणते, अजून थोडे वाच.’’