कारल्याचा कडूपणा : अन्न किती, औषध किती?

पाड्यावर रक्तातील साखर तपासायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या पावसाळ्यात एका मावशींनी तो सरळच विचारला, "ताई, रोज सकाळी कारल्याचा रस पिते. मग दवाखान्याची गोळी बंद केली तर चालंल ना?" खरे तर गोळी त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती आणि साखर बरीच वाढली होती. "चालणार नाही" एवढेच सांगून उठणे मनाला पटेना, कारण कारल्यात काहीच गुण नाही असेही नाही. म्हणून या अंकातील अभ्यास कारल्यावर आहे.

कारल्यात काय सापडले?

कारले हे काकडी, भोपळा, दोडका यांच्या कुळातले. पावसाळ्यात रानातून बाजारात येणारी कर्टोली ही त्याची सख्खी बहीण. फळातील एखादे द्रव्य वेगळे काढण्यासाठी फळ वाळवतात, त्याची भुकटी अल्कोहोलसारख्या द्रवात भिजवतात, अर्क आटवतात आणि त्यातील घटक एकेक करून निराळे करतात. मग प्रत्येकाचा परिणाम तपासतात. कारल्यातून असे अनेक घटक निघाले आहेत. त्यांतील तीन महत्त्वाचे :

१. कॅरॅन्टिन : १९६० च्या दशकात लोटलीकर आणि राजाराम राव या भारतीय संशोधकांनी ते फळातून वेगळे केले. सशांना दिल्यावर त्यांच्या रक्तातील साखर उतरली. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

२. पॉलिपेप्टाइड-पी : हे १६६ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. १९८१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. इन्सुलिनसारखे टोचून दिल्यावर त्याने साखर कमी झाली.

३. मोमॉर्डिसिन आणि त्याच्या जातीची कडू द्रव्ये : कारल्याची कडू चव प्रामुख्याने यांची. २००८ मध्ये शांघाय आणि सिडनी येथील संशोधकांनी दाखवले की या गटातील काही द्रव्ये पेशींतील ऊर्जेचा हिशेब ठेवणाऱ्या एका विकराला जागे करतात आणि पेशी अधिक साखर उचलतात. हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले.

मग गोळी का थांबवायची नाही?

पहिले कारण पोटातच आहे. प्रथिन खाल्ले की ते पचते. इन्सुलिन टोचून घ्यावे लागते ते याचसाठी. पॉलिपेप्टाइड-पी टोचून लागू पडले म्हणून ते रसातून लागू पडेल असे नाही.

दुसरे कारण मात्रेचे. गोळीत औषध किती हे ठरलेले असते. कारल्याची जात, कोवळेपणा आणि जमीन यांप्रमाणे त्यातील द्रव्ये कमीजास्त होतात. आजच्या पेल्यात किती आले हे कोणी सांगू शकत नाही.

तिसरे कारण माणसांवरील तपासणीचे. २०११ मध्ये थायलंडमधील एका अभ्यासात काही रुग्णांना रोज २ ग्रॅम कारल्याची भुकटी आणि काहींना १ ग्रॅम मेटफॉर्मिन चार आठवडे दिले. कारल्याचा थोडा गुण आला, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी. २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेने ४ चाचण्या, म्हणजे ४७९ रुग्ण, एकत्र तपासले. मधुमेहावर कारले लागू पडते असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

कडू ते सगळे गुणकारी नव्हे

२ राजे ४:३८-४१ मधील प्रसंग आपल्याला माहीत आहे. गिलगालात दुष्काळ होता. अलीशाच्या शिष्यांपैकी एकाने रानवेलीची अनोळखी फळे आणून भांड्यात चिरली आणि खाणाऱ्यांना एका घासातच धोका कळला. ही फळे इंद्रावणाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. इंद्रावणही कारल्याच्याच कुळातले. त्यातील कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये आतडी पोळून काढतात. आपल्या घरच्या दुधी भोपळ्यातही कधी कधी हीच द्रव्ये वाढतात. कडू लागलेल्या दुधीचा रस औषध समजून प्यायल्याने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. दुधी चाखून पाहा, कडू लागला तर टाकून द्या.

कोणी जपावे?

- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रस पीत असल्यास डॉक्टरांना सांगावे. दोन्हींमुळे मिळून साखर फार खाली जाऊ शकते.
- गरोदर स्त्रियांनी रस, काढा किंवा बिया औषध म्हणून घेऊ नयेत. बियांतील काही प्रथिनांनी उंदरांचा गर्भ पडल्याचे आढळले आहे.
- लहान मुलांना रिकाम्या पोटी काढा देऊ नये. साखर उतरून मुले बेशुद्ध झाल्याच्या नोंदी आहेत.
- बियांत व्हिसीन नावाचे द्रव्य असते. ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी अशा द्रव्याने फुटू शकतात. ही कमतरता काही आदिवासी समाजांत आढळते, म्हणून आपल्या भागात हे लक्षात ठेवायला हवे.

मावशींना आम्ही एवढेच सांगितले : कारल्याची भाजी आनंदाने खा, ती चांगले अन्न आहे. गोळी मात्र आजपासून पुन्हा सुरू करा आणि रसाचे डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे कारलं खोटं नाय, पण गोळीची जागा नाय घेत." याहून नेमके आम्हालाही सांगता आले नसते. पुढच्या भेटीला त्या गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवायला घेऊन आल्या.

चर्चेसाठी

१. आपल्या घरात किंवा मंडळीत कोणी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली आहे का? त्यांच्याशी न रागावता कसे बोलाल?
२. प्राण्यांवर गुण आला आणि माणसांवर सिद्ध झाला, यांत काय फरक आहे?
३. रानभाज्या ओळखण्याचे पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांचे ज्ञान आपण कसे जपू शकतो?