आंबा पिकण्याचा वेग व उष्णमान

नवी मुंबईंत वाशीच्या फळबाजारीं हापूस पाठविणाऱ्या बागाइतदारास माल किती दिवसांत पिकेल हें आधीं कळणें अगत्याचें आहे. फळ वाटेंतच नरम पडलें तर भाव जातो. उकाड्यांत फळ लवकर पिकतें हें सर्वश्रुत आहे. परंतु किती लवकर, याचाहि हिशेब मांडतां येतो.

फळ पिकतांना पिष्टाची साखर होते व आंबटपणा उतरतो. या रासायनिक क्रिया होत. अशा प्रत्येक क्रियेस एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्यासाठीं लागणाऱ्या शक्तीस ‘सक्रियण ऊर्जा’ म्हणतात. उष्णमान वाढलें कीं उंबरठा ओलांडणाऱ्या कणांची संख्या झपाट्यानें वाढते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनीं १८८९ सालीं हा संबंध सूत्रांत बसविला.

रीत अशी: एकाच झाडाचीं, एकाच दिवशीं उतरविलेलीं, सारखीं जून फळें घ्यावीं. समजा, तीं ३० अंश सेंटिग्रेडवर ४ दिवसांत व २० अंशांवर ८ दिवसांत पिकलीं. दिवस निम्मे, म्हणजे वेग दुप्पट. अंशांत २७३ मिळविल्यास ३०३ व २९३ हीं निरपेक्ष उष्णमानें येतात. २ चा नैसर्गिक लॉगरिथम ०.६९३, त्यास वायुस्थिरांक ८.३१४ नें गुणिल्यास ५.७६ होतात. १/२९३ मधून १/३०३ वजा केल्यास ०.०००११२६ उरतात. ५.७६ यांस या बाकीनें भागिलें असतां सुमारें ५१,००० येतात. इतके ज्यूल दर मोलास, ही सक्रियण ऊर्जा होय.

हाच हिशेब उलट केला असतां २५ अंशांवर तेंच फळ साडेपांच दिवसांहून किंचित् अधिक काळांत पिकेल असें निघतें. नुसत्या सरासरीनें सहा दिवस धरले असते. तिसरा वांटा २५ अंशांवर ठेवून हा ताळा अवश्य पाहावा.

तीन गोष्टी ध्यानांत असाव्या. पिकणें ही एक क्रिया नसून अनेकांचा मेळ आहे, म्हणून हा आंकडा व्यवहारापुरता समजावा. फळें श्वसनानें स्वतःच तापतात. यास्तव उष्णमान खोलीचें न घेतां अढीच्या आंत, पेंढ्यांत मोजावें. पिकूं लागलेलें फळ इथिलीन वायु सोडून शेजारच्यासहि पिकवितें, म्हणून वांटे एकमेकांपासून दूर ठेवावे.

हें सूत्र वाटेल तितक्या थंडींत मात्र लावूं नये. सुमारें १२ अंशांखालीं कच्च्या आंब्यास थंडी बाधते. साल काळवंडते व पुढें फळ नीट पिकत नाहीं. हिशेबानें दिवस वाढलेले दिसतील, पण माल हातचा जाईल. सबब शीतगृहांत माल ठेवण्यापूर्वीं तेथील उष्णमान विचारून घ्यावें.