मोटरसायकलची टकटक आणि चार घड्याळं

एप्रिल उजाडला की बेलव्ह्यूमधल्या पावसाची रिपरिप जरा कमी होते आणि हिवाळाभर झाकून ठेवलेल्या मोटरसायकली बाहेर निघतात. यंदा माझीही निघाली, आणि वेस्ट लेक सॅमॅमिश पार्कवेवरच्या पहिल्याच फेरीत तिच्यातून आवाज यायला लागला. टक... टक... टक. पुढच्या शनिवारी नवऱ्याला मागे बसवून स्नोक्वाल्मी खिंडीपलीकडे जायचं ठरलं होतं. म्हणजे हायवेचा वेग, दोघांचं वजन आणि हाताशी जेमतेम चार-पाच दिवस.

एका गॅरेजमध्ये मी तो आवाज तोंडानेच काढून दाखवला. निदान लगेच मिळालं: टॅपेट. व्हॉल्व्हजवळची फट वाढली असेल, इंजिन उघडावं लागेल. मी 'कळवते' म्हणाले आणि रात्री नाशिकला फोन लावला. आमच्या घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांना मी लहानपणापासून बघत आले आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते दुखणं सांगायचे. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये स्टेथोस्कोप बनवला, त्याचाच हा गॅरेजमधला भाऊ.

जॅकेटच्या खिशात फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग मी कॉलवर वाजवलं, तर काकांना काहीच ऐकू येईना. कॉलिंगची ॲप्स माणसाचं बोलणं ठेवतात आणि बाकीचं गोंगाट म्हणून गाळून टाकतात. मग फाईल पाठवली. ती ऐकून काका म्हणाले, "अगं, आवाज कुठून येतो ते सोड. गियर बदलल्यावर टकटक बदलते का, ते बघून सांग."

या एका प्रश्नात अख्खी निदानपद्धत आहे.

'कुठून?' या प्रश्नावर कान फसतो

आवाजाची दिशा ओळखताना मेंदू दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातला सूक्ष्म फरक वापरतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका असतो. शिवाय बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे आवाजात होणारा बदलही तो वाचतो. हेल्मेट घातलं की ही दोन्ही साधनं अधू होतात. त्यातच पोलादातून ध्वनी हवेपेक्षा पंधरा-सोळा पट वेगाने पळतो, त्यामुळे मागच्या भागातला ठोका फ्रेममधून थेट हँडलपर्यंत येतो. मला तो आवाज टाकीखालून येतोय असं छातीठोकपणे वाटत होतं.

आवाजाची जागा अशी फसवी असली, तरी त्याचा ताल फसवत नाही.

चार घड्याळं

चालत्या मोटरसायकलवर किमान चार घड्याळं एकाच वेळी टिकटिकत असतात.

पहिलं रस्त्याचं. सिअ‍ॅटलकडे जाणाऱ्या 520 च्या तरंगत्या पुलाच्या सांध्यांवर चाकं आपटतात, तो ठोका या घड्याळाचा. त्या आवाजाबद्दल काठावरच्या रहिवाशांनी तक्रारीही केल्या होत्या. माझी टकटक मात्र गुळगुळीत रस्त्यावरही येत होती, त्यामुळे हे घड्याळ बाद.

दुसरं इंजिनाचं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. तिसरं चाकाचं: बेअरिंग, ब्रेकची डिस्क, टायरमध्ये रुतलेला खिळा. चौथं चेनचं, आणि हे सगळ्यांत संथ, कारण चेनची एक फेरी पूर्ण व्हायला चाकाच्या दोन-अडीच फेऱ्या लागतात.

प्रयोग: एक बदला, बाकीचं तसंच ठेवा

प्रयोगशाळेत आपण जे करतो तेच इथे करायचं. ताशी 30 मैल वेग कायम ठेवून मी तिसऱ्या गियरवरून चौथ्यावर गेले. इंजिन मिनिटाला सुमारे 4,200 फेऱ्यांवरून 3,500 वर आलं, पण टकटकीची लय जराही बदलली नाही. म्हणजे इंजिन सुटलं. काकांचा प्रश्न यासाठीच होता, कारण इंजिनाचा वेग आणि गाडीचा वेग एकमेकांपासून वेगळे करायचं सगळ्यांत सोपं साधन म्हणजे गियर.

पुढे खात्रीसाठी रिकाम्या पार्किंगच्या उतारावर क्लच दाबून, इंजिन बंद करून गाडी सोडली. टकटक चालूच. ब्रेक अलगद दाबला, तरी फरक नाही. उरले चाक आणि चेन.

मोजणी

माझ्या मागच्या टायरचा घेर साधारण 1.96 मीटर आहे. ताशी 30 मैल म्हणजे सेकंदाला 13.4 मीटर. भागाकार केला की चाकाच्या सेकंदाला 6.8 फेऱ्या येतात. मागच्या स्प्रॉकेटला 46 दाते आणि चेनला 114 कड्या. म्हणून चेनच्या फेऱ्या 6.8 × 46 ÷ 114, म्हणजे सेकंदाला 2.8 च्या आसपास.

रेकॉर्डिंग संगणकावर उघडलं. दहा सेकंदांत 28 टोकं दिसली. म्हणजे चेन!

माझा स्पीडोमीटर पाच टक्के चुकत असेल, तर? तरीही बिघडत नाही. चेन 2.8, चाक 6.8 आणि चौथ्या गियरमध्ये टॅपेट असता तर 29. पर्याय एकमेकांपासून इतके लांब असले की मोजमाप ढोबळ चालतं. शिवाय सेकंदाला साधारण वीसच्या पुढे ठोके गेले की कान ते सुटे ऐकत नाही, त्याला सलग घरघर ऐकू येते. चालत्या गाडीत मला सुटी टकटक ऐकू येत होती, याच गोष्टीने टॅपेटचा संशय कमी व्हायला हवा होता.

अडकलेली कडी

इंजिन बंद ठेवून मागचं चाक स्टँडवर उचललं, टायरवर खडूची खूण केली आणि चाक हाताने हळू फिरवलं. दर अडीच फेऱ्यांना पुढच्या स्प्रॉकेटपाशी एक कडी अडखळत होती. 114 भागिले 46 म्हणजे 2.48. घड्याळ न वापरता उत्तर पुन्हा तेच आलं.

ठोका पुढेच का? पुढच्या स्प्रॉकेटला 15 दाते, म्हणून तिथे प्रत्येक कडीला 24 अंशांत वळावं लागतं. मागे फक्त 8. ताठर कडी मागे निभावून नेते, पुढे मात्र आपटते. जवळून पाहिलं तर त्या कडीच्या रबरी रिंगला चीर पडली होती. आतलं ग्रीस निघून गेलं, पाणी शिरलं आणि पिन गंजली.

तेल घालून टकटक गप्प करता आली असती, पण गंज तिथेच राहिला असता. हायवेवर चेन तुटली तर ती गुंडाळून मागचं चाक जाम करू शकते किंवा इंजिनाचं आवरण फोडू शकते. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन घातले. सहल आठवडाभर पुढे गेली.

तुमच्या गाडीतून, वॉशिंग मशीनमधून किंवा पंख्यातून आवाज यायला लागला, तर क्रम हाच ठेवा: आवाज कशाबरोबर बदलतो ते पाहा, सेकंदाला किती ठोके पडतात ते मोजा, कोणता भाग तितक्याच वेगाने फिरतो ते शोधा. आणि एक पथ्य कडक पाळा. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोट कधीही नेऊ नका.

काकांना निकाल कळवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग? टॅपेटचे पैसे वाचले ना? चेनला वेळच्या वेळी तेल देत जा आता."