बंद मोबाईल कोणाला द्यावा?

मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. चांदूर बाजारला आमच्या गल्लीत एक फेरीवाला आला. त्याच्या गाडीवर कर्णा होता. "जुने मोबाईल द्या, बंद मोबाईल द्या, भांडे घ्या," असा कर्णा ओरडत होता.

शेजारच्या वहिनींनी पेटीतून एक बंद मोबाईल काढून दिला. बदल्यात स्टीलचे पातेले मिळाले. वहिनी खूश झाल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा शेतातून आला. तो मोबाईल त्याच्या वारलेल्या वडिलांचा होता. वडिलांचे सारे फोटो त्यातच होते. वहिनी रडत आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, थो त बंदच पडला होता. बंद मोबाईलात काय राह्यते?"

फेरीवाला आला तेव्हा आम्ही ओट्यावरच बसलो होतो. आम्हीही काही बोललो नाही. जन्मभर शाळेत शिकवले, पण हे आम्हालाही ठाऊक नव्हते. मग आम्ही विचारपूस केली. जे कळले ते येथे सांगतो.

बंद मोबाईलात तीन गोष्टी राहतात.

पहिली गोष्ट, आपली माहिती. फोटो, नंबर, बँकेचे निरोप हे सारे आतच असते. मोबाईल बंद पडला म्हणून ते पुसले जात नाही. शिवाय प्रत्येक मोबाईलला स्वतःचा १५ आकडी नंबर असतो. २०२४ साली तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी तीन माणसे पकडली. त्यांच्याजवळ पोत्यांत भरलेले सुमारे ४,००० जुने मोबाईल सापडले. गावोगाव किरकोळ वस्तू देऊन ते गोळा केले होते. ते ऑनलाईन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जाणार होते, असे पोलिसांनी सांगितले. सगळेच फेरीवाले तसे नसतात. पण आपला मोबाईल पुढे कोणाच्या हाती जातो, हे आपल्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट, धातू. मोबाईलात तांबे, चांदी आणि थोडे सोनेही असते. एका मोबाईलात गुंजभरही सोने नसते. पण थेंबे थेंबे तळे साचे. जपानच्या लोकांनी २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ६२ लाख जुने मोबाईल आणि इतर जुनी यंत्रे गोळा केली. त्यांतून काढलेल्या धातूंची सुमारे ५,००० पदके घडवली. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. तेथे खेळाडूंच्या गळ्यात तीच पदके पडली.

तिसरी गोष्ट, विष आणि आग. तांब्यासाठी कोणी मोबाईल व तारा जाळतात. तो धूर फार वाईट. उकिरड्यावर टाकलेल्या मोबाईलातले विष जमिनीत मुरते. तेच पुढे विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. बॅटरी ठेचली, भोसकली तर भडका उडतो. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये. ती पोरांच्या हाती देऊ नये.

मग करावे काय?

१. आधी दुरुस्ती होते का पाहावे. नवी बॅटरी घालून मोबाईल चालला, तर घरातच कोणाच्या तरी कामी येतो. जो मोबाईल जास्त दिवस चालला, त्याचा कचरा तितका उशिरा होतो.

२. देण्याआधी फोटो व नंबर उतरवून घ्यावे. सिम आणि मेमरी कार्ड काढावे. घरच्या शिकलेल्या पोराला जवळ बसवून बाकीची माहिती पुसून टाकावी.

३. मोबाईल ज्या कंपनीचा, तिच्या सेवा केंद्रात द्यावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार जुन्या मालाची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. हे काम सरकारदरबारी नोंद असलेल्या कारखान्यातच व्हावे लागते. अमरावतीला काही कामानिमित्त जाणे झाले, तर मोबाईल सोबत न्यावा आणि तेथे चौकशी करावी. दिल्याची पावती मागावी.

वहिनी त्या पातेल्यात रोज दूध तापवतात. पातेले चांगले आहे. पण फोटो काही परत आले नाहीत.

अभ्यास : आपल्या घरात चालू आणि बंद मिळून किती मोबाईल आहेत ते मोजा. प्रत्येक मोबाईल कोणाचा, ते वहीत लिहा. चालू मोबाईलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबा. १५ आकडे दिसतील. बंद मोबाईलचे आकडे खोक्यावर किंवा बिलावर सापडतात. तेही नावापुढे लिहा. ही वही जपून ठेवा.