उडत्या ड्रोनला बिनतारी वीज : शक्य काय, व्यवहार्य काय?

कपाशीवर किडीचा उपद्रव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचला म्हणजे फवारणीसाठी हाती थोडेच दिवस उरतात. त्यातही पावसाची उघडीप आणि वारा संथ असलेली सकाळ-सायंकाळ एवढाच अवधी उपयोगी पडतो. पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्याच्या अंगावर औषधाचे तुषार येतात, हा दुसरा धोका होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विदर्भ विसरलेला नाही. ड्रोनमुळे फवारणारा मनुष्य औषधापासून दूर राहू शकतो. परंतु या यंत्राची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते. तेव्हा ‘हवेतच, तारेविना तिला वीज पुरविता येणार नाही काय?’ असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर या पाठात पाहू.

ड्रोनला वीज किती लागते?

दहा लिटर टाकीच्या ड्रोनचे उदाहरण घेऊ. त्याची बॅटरी ४४.४ व्होल्ट व १६ अँपिअर-तास क्षमतेची असेल, तर तीत सुमारे ०.७ युनिट वीज मावते. बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसल्याने त्यातील सुमारे ०.५७ युनिट वापरता येते. ती दहा मिनिटांत खर्च झाली, तर ड्रोन ताशी सुमारे ३.४ युनिट या दराने, म्हणजे ३.४ किलोवॉट शक्ती घेतो. विहिरीवरील पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३.७ किलोवॉटचा असतो. थोडक्यात, पाच अश्वशक्तीच्या पंपाला लागेल जवळजवळ तेवढी शक्ती या यंत्राला अधांतरी पुरवावी लागेल.

बिनतारी वीज कशी पोहोचते?

पहिली रीत प्रवर्तनाची. एका वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. मोबाइल तबकडीवर ठेवून चार्ज होतो तो याच तत्त्वाने. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये बॅटरी काढलेला लहानसा ड्रोन वेटोळ्यावर काही सेंटिमीटर उंचीवर तरंगत ठेवण्यात आला. अंतर वाढले की ही देवघेव झपाट्याने घटते. त्यामुळे पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून फिरणाऱ्या ड्रोनला ती उपयोगी नाही.

दुसरी रीत झोताची. १९६४ साली अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी सूक्ष्मलहरींच्या झोतावर एक लहान हेलिकॉप्टर सलग दहा तास अधांतरी ठेवले. मात्र ते तारांच्या आधाराने एकाच जागी धरलेले होते. २०२५ साली अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संस्थेने लेसर किरणांनी ८.६ किलोमीटर अंतरावर ८०० वॉटहून अधिक शक्ती ३० सेकंद पोहोचविली. हा मोठा पराक्रम खरा. परंतु आपल्या ड्रोनच्या गरजेच्या तो चौथा हिस्साही नाही. शिवाय, कमी अंतरावरही लेसरमधून निघालेल्या शक्तीपैकी सुमारे एक पंचमांशच वीज म्हणून हाती आली. या हिशेबाने ३.४ किलोवॉटसाठी १७ किलोवॉटचा झोत सोडावा लागेल. माणसांचा व गुराढोरांचा वावर असलेल्या शेतात असा झोत डोळ्यांना व अंगाला घातक ठरेल.

आज काय करावे?

हवेतील चार्जिंगची वाट न पाहता बॅटरी-संचांचा हिशेब नीट बसवावा. समजा, उड्डाण व टाकी भरणे मिळून एका फेरीस १५ मिनिटे लागतात. उतरलेला संच थंड होण्यास १५ व चार्ज होण्यास ४५ मिनिटे लागतात. ६० भागिले १५, म्हणजे चार संच जमिनीवर आणि एक हवेत, असे पाच संच हवेत. २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेच्या साहित्यातही मूळ संचाखेरीज चार जादा संचांची तरतूद करण्यात आली, ती याच कारणाने समजून घ्यावी. परंतु संच पुरेसे असूनही काम अडू शकते. वरील उदाहरणात एका वेळी तीन संच चार्जरवर असावे लागतात. दोनच बसत असतील, तर दर साडेबावीस मिनिटांस एकच संच तयार होईल व ड्रोन बसून राहील.

कार्यकर्त्यांनी गावात पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

१. शेतीपंपाची वीज पाळीने येते. फवारणीच्या वेळी ती नसेल, तर जनित्राची सोय आदल्या दिवशीच करावी.

२. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावू नये; सावलीत निवू द्यावी.

३. कडबा, कापूस वा इंधनाजवळ चार्जिंग करू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये.

४. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी ठेवू नये. साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

५. ‘हवेत चार्ज होणारा फवारणी ड्रोन’ म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर ती देऊ नये. भरल्या टाकीने आपल्याच शेतात, बॅटरी न बदलता, सलग तासभर काम करून दाखविण्यास सांगावे.

संशोधन पुढे जाईल आणि आजचा हिशेब उद्या बदलेलही. तोपर्यंत गटाने ड्रोन घेताना किमतीबरोबरच बॅटरी-संच किती, चार्जरवर एका वेळी बसतात किती आणि शिवारात वीज कोणत्या वेळी असते, हे तीन आकडे कागदावर मांडावेत. त्यांचा मेळ बसला, तर फवारणीचे मोजके दिवस वाया जाणार नाहीत.